पंपाआधी नळ काढून बघा

प्रश्न : आमच्या बाथरूममधल्या नळाची धार गेल्या वर्षभरात हळूहळू बारीक होत गेली आहे. आता पंधरा लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतात. गरम पाण्याची धार तर त्याहून बारीक. नळ उघडल्या उघडल्या क्षणभर पाणी जोरात येतं आणि लगेच मंदावतं. स्वयंपाकघरातला नळ मात्र पूर्वीसारखाच चालतो. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि आम्ही गच्चीच्या खालच्याच मजल्यावर राहतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बादली भरेपर्यंत त्या ओल्या फरशीवर ताटकळत उभ्या राहतात, ते बघवत नाही. प्लंबरने नळ उघडून पाहिला आणि ‘दाब कमी आहे, पंप बसवा’ असं सांगितलं. बसवावा का?

उत्तर : ताई, एवढ्यात पंप बसवू नका. तुम्ही पत्रात जे लिहिलं आहे, त्यावरून दाब कमी झाला असावा असं मला वाटत नाही. पाण्याची वाट कुठेतरी अडली आहे, आणि ती जागा शोधायला फार खर्चही येत नाही.

असं का म्हणते ते सांगते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून दहा मीटर वर असेल तर जवळपास एक बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब मिळतो. तीन मीटर वर असेल तर त्याच्या तीन दशांश. टाकी लहान की मोठी, याचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, म्हणजे तुमच्या नळाला मुळातच दाब बेताचा. हे खरं आहे आणि प्लंबरच्या बोलण्यात तेवढं तथ्य आहे. पण टाकी वर्षभरापूर्वी जिथे होती तिथेच आजही आहे. तेव्हा बादली भरत होती. मग वर्षभरात जे बदललं ते उंचीमुळे नाही.

दुसरी खूण तर तुम्ही स्वतःच दिली आहे. नळ उघडताक्षणी पाणी जोरात येतं आणि मग मंदावतं. नळ बंद असताना पाणी वाहत नसतं, त्यामुळे वाटेत अडथळा असला तरी त्याच्या पलीकडे पूर्ण दाब पोचतो. नळ उघडला की साठलेला तो दाब क्षणात सुटतो, आणि त्यानंतर अडथळ्यातून जेवढं झिरपेल तेवढंच पाणी येत राहतं. मुळात दाबच कमी असता तर पहिल्या क्षणापासून धार मंद असती.

आता एक गोष्ट आधी नक्की करून घ्या. स्वयंपाकघरातला नळ त्याच टाकीवर आहे ना? पुष्कळ घरांत पिण्याच्या पाण्याचा नळ थेट बाहेरून येणाऱ्या लाइनवर असतो आणि बाकीचे टाकीवर. तसं असेल तर दोन्ही नळांची तुलना करून काहीच कळणार नाही. टाकीच्या बुडाशी असलेला कॉक दोन मिनिटं बंद करा आणि घरातले सगळे नळ उघडून बघा. जे थांबतील ते टाकीवरचे. बंद करण्याआधी गीझरचा स्विच मात्र बंद करून ठेवा. स्वयंपाकघरही थांबलं तर टाकीवरचा संशय बराचसा दूर होतो, कारण टाकीच्या तळाशी गाळ अडकला असता तर त्या नळालाही झळ पोचली असती. टाकीतून बाथरूमसाठी वेगळा पाइप निघत असेल, तर मात्र त्या तोंडाशी गाळ आहे का ते टाकीत डोकावून पाहा.

मग मोजमाप. पंधरा लिटरची तीच बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ एवढं पुरेल. घरातले बाकीचे नळ बंद ठेवून आधी फक्त थंड पाणी, मग फक्त गरम, मग त्याच बाथरूममधलं बेसिन असेल तर त्याचा नळ, आणि शॉवर असेल तर शॉवर. प्रत्येक वेळ कागदावर लिहून ठेवा. टाकी फार उंचावर नसली तरी अर्ध्या इंची पाइप मोकळा असेल तर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी यायला हरकत नसते. म्हणजे तुमची बादली दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. तुमच्याकडे मिनिटाला दीड लिटर येतंय. फरक केवढा मोठा आहे बघा.

या आकड्यांतून बरंच कळतं. बेसिनचा नळ चांगला आणि आंघोळीचा मंद असेल तर दोष आंघोळीच्या नळात किंवा त्याच्या अगदी जवळ आहे. बाथरूममधले सगळेच मंद असतील तर बाथरूमला येणाऱ्या पाइपात किंवा त्याच्या कॉकमध्ये आहे. शॉवर जोरात आणि खालची तोटी मंद असेल तर मिक्सरमधली, म्हणजे थंड-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळातली, पाणी शॉवरकडे वळवणारी खिट्टी अर्ध्यात अडकली असणार. हा दोष नेहमी दिसतो आणि लोक त्यासाठी उगाच भिंत फोडतात.

आता तोटीच्या टोकाकडे बघा. पाणी फेसाळ येत असेल तर तिथे एक बारीक जाळी आहे. ती हाताने फिरली तर हाताने काढा, नाहीतर पान्ह्याच्या दातांवर फडकं गुंडाळून, म्हणजे चकाकीवर ओरखडे पडणार नाहीत. खालून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. जाळी काढून नळ सोडा. धार एकदम सुधारली तर अर्धं काम तिथेच झालं. व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात लिंबाचं सत्त्व घालून त्यात काही तास बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, वाहत्या पाण्याखाली धुवा. टाचणीने भोकं मोठी करू नका, आणि फरशी साफ करायचं जहाल ॲसिड वापरू नका. मुलामा उडतो आणि आतलं रबर खराब होतं. व्हिनेगर असो वा ॲसिड, ब्लीचच्या द्रावणात कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

जाळी धुण्याआधी मात्र एक काम नक्की करा. तिच्यात काय अडकलंय ते पांढऱ्या कागदावर झटकून नीट पाहा. पांढरे, खरखरीत, ॲसिडमध्ये फसफसणारे कण म्हणजे क्षार. पाणी जड आहे. तांबूस-तपकिरी पापुद्रे म्हणजे लोखंडी पाइप आतून गंजलाय. काळे, मऊ, बोटाला डाग पाडणारे तुकडे म्हणजे कुठलातरी वॉशर किंवा नळाला जोडलेल्या जाळीदार कनेक्शन पाइपच्या आतलं रबर झिजतंय. प्लॅस्टिकचा कीस किंवा पांढऱ्या टेफलॉन टेपचे धागे दिसले तर कधीतरी झालेल्या जोडकामाचा कचरा पाइपातून वाहत आलाय. माती-वाळू असेल तर ती टाकीतून येते. तिथे जे सापडेल तेच वरच्या बाजूलाही अडकलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणून पुढे कुठे शोधायचं हे याच चिमूटभर कचऱ्यावरून कळतं. प्लंबर आला तर त्यालाही तो कागद दाखवा.

यानंतर कॉक. बाथरूममध्ये शिरणाऱ्या पाइपावर एक कॉक असतो, कधी उघडा, कधी भिंतीत बसवलेला आणि बाहेर फक्त मूठ दिसणारी. कधीतरी दुरुस्तीसाठी तो बंद केला जातो आणि नंतर पुरता उघडायचा राहून जातो. दांडी असलेला कॉक असेल तर दांडी पाइपाच्या रेषेत आली म्हणजे पूर्ण उघडा. आडवी असेल तर बंद. चाकासारखी मूठ असलेला जुना कॉक अनेक फेरे फिरवून उघडावा लागतो. मूठ शेवटपर्यंत उघडली तरी पाणी वाढत नसेल, किंवा ती कुठेच न अडता नुसती गरगर फिरत असेल, तर आतली पाचर दांड्यापासून सुटून वाटेतच पडली आहे असं समजा. बाहेरून कॉक उघडा दिसतो आणि आत वाट बंद असते. हा दोष ओळखणं फार अवघड असतं, कारण मूठ फिरतेय म्हटल्यावर कुणी तिच्यावर संशय घेत नाही. असा कॉक दुरुस्त करत बसू नका, बदला. नवा घेताना पूर्ण व्यासाचं भोक असलेला बॉल व्हॉल्व्ह घ्या. काही स्वस्त कॉक बाहेरून अर्ध्या इंचाचे असतात आणि आतलं भोक जेमतेम पेन्सिल जाईल एवढं असतं. फार घट्ट झालेला जुना कॉक जोर लावून फिरवू नका. तुटला आणि त्याच्या वरचं पाणी बंद करता येत नसेल तर घर भरून जाईल. आधी टाकीचा कॉक बंद होतो ना, ते पाहून मगच हात लावा.

इथपर्यंत काही हाती लागलं नाही तर पुढची पायरी प्लंबरकडून करून घ्या, पण हीच करून घ्या : नळ पूर्ण काढून उघड्या पाइपातून पाणी सोडायचं. माझ्या मते सगळ्या शोधातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि हीच बहुतेक वेळा गाळली जाते. गीझरचा स्विच बंद, बाथरूमचा कॉक बंद, नळ उघडून आतलं पाणी काढून टाकायचं, मोरीच्या जाळीवर फडकं टाकायचं म्हणजे स्क्रू-वॉशर वाहून जाणार नाहीत. मग नळ काढून, भिंतीतल्या तोंडासमोर बादली धरून कॉक हळूच उघडायचा. वेळ मोजायची. थंड आणि गरम, दोन्ही तोंडं वेगवेगळी मोजायची. ज्याचं मोजत नाही त्याला बूच लावायचं. सुरुवातीचं गढूळ पाणी तसंच वाहू द्यायचं. त्यात कचरा निघून गेला तर चांगलंच.

उघड्या पाइपातून बादली दोन मिनिटांत भरली, तर गुन्हेगार नळच. साध्या जुन्या पद्धतीच्या नळात दांड्याच्या तळाशी रबरी वॉशर असतो. तो फुगतो, फाटतो किंवा सुटून वाटेत आडवा होतो, आणि मूठ कितीही फिरवली तरी धार वाढत नाही. वॉशर बदलला की नळ सुधारतो. मिक्सर असेल तर भिंतीकडच्या दोन्ही नटांमध्ये कधी कधी जाळी असलेले वॉशर घातलेले असतात. ते भरून गेले की थंड-गरम दोन्ही मंदावतात, आणि तुमच्या लक्षणांशी ते चांगलं जुळतं. तिथे नसेल तर आतलं सिरॅमिकचं कार्ट्रिज, म्हणजे मूठ फिरवली की पाणी सोडणारा-थांबवणारा भाग, बघायला हवं. त्याची भोकं बारीक असतात, क्षाराचा एक खडाही पुरतो. ते धुऊन पाहा, नाहीतर त्याच बनावटीचं नवं घाला.

नवा नळच घ्यायची वेळ आली तर दुकानात एकच गोष्ट विचारा : हा किती दाबावर चालतो? हल्लीचे बरेच देखणे मिक्सर एक बार किंवा त्याहून जास्त दाब धरून बनवलेले असतात. तुमच्या डोक्यावर जेमतेम तीन-एक मीटर उंचीचं पाणी असेल. तिथे असा नळ बसवला तर पहिल्या दिवसापासून तो रडत चालेल आणि दोष पुन्हा टाकीवर येईल. कमी दाबावर चालणारा, आतून रुंद वाटेचा, शक्यतो थंड-गरम वेगवेगळे असलेला साधा नळ तुमच्या घरी जास्त उपयोगाचा. काही नळांत पाणी वाचवण्यासाठी मुद्दाम घातलेली प्लॅस्टिकची छोटी चकती असते. पाणी वाचवायलाच हवं, पण एवढ्या कमी दाबाच्या घरात ती चकती काढली तरी उधळपट्टी होत नाही.

उघड्या पाइपातूनही पाणी मंदच आलं, तर नळ निर्दोष. मग कॉक, आणि त्याच्यामागे पाइप. पाइप लोखंडी आणि जुना असेल तर मला त्याच्यावरच संशय येईल. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचा गंज बहुधा जोडापाशी, आटे पाडलेल्या जागी सुरू होतो, कारण तिथे मुलामा कापला गेलेला असतो. आत गाठी धरत जातात. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो आणि आत करंगळीसुद्धा जात नाही. आणि वाट निम्मी झाली म्हणजे पाणी निम्मं होतं असं नाही. तेवढ्याच उंचीवरून, तेवढ्याच लांबीच्या पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला तर पाणी साधारण सहाव्या हिश्शावर येतं. तुमचा दहा मिनिटांचा आकडा त्यामुळेच मला ओळखीचा वाटतो. सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल तर ही शंका पक्की धरा. असा पाइप आतून साफ करायच्या भानगडीत पडू नका. ॲसिड सोडलं तर गंजाआडची भोकं उघडी पडतात आणि भिंतीत गळती सुरू होते. तेवढा तुकडा बदलणं हाच उपाय.

एक शक्यता मी बाजूला ठेवली आहे, तीही सांगून टाकते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की पाइपाच्या उंच वळणात हवा अडकते, नळ फुर्रफुर्र करतो आणि धार तुटक येते. पण हवा एका दिवसात अडकते. तुमची धार वर्षभर हळूहळू कमी झाली, तेव्हा ते कारण इथे नाही.

गरम पाणी जास्त मंद का, याचं उत्तर थोडं वेगळं आहे. पाणी तापलं की त्यातला चुना जास्त प्रमाणात बाहेर पडतो, म्हणून क्षार गीझरमध्ये आणि त्यातून निघणाऱ्या पाइपात लवकर साचतात. गीझरला थंड पाणी जिथून जातं तिथे पाणी उलट फिरू न देणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्यात कचरा अडकला तरी गरम धार मरते. गीझरला जोडलेले लवचीक पाइप दुमडलेले किंवा आतून फुगलेले नाहीत ना, तेही बघायला सांगा. हे काम स्वतः करू नका. गीझरची वीज मेन स्विचवरून बंद करून, पाणी निवल्यावर, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. गीझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून कुणी त्याला बूच मारायला सुचवलं तर साफ नकार द्या. तो व्हॉल्व्ह गीझर फुटू नये म्हणून असतो.

आता पंपाबद्दल. अडलेल्या पाइपावर पंप लावला तर काही फरक पडतो, पण अपेक्षेपेक्षा फार कमी. त्याच पाइपात दाब दुप्पट केला तरी पाणी जेमतेम दीडपट होतं. तुमची बादली दहाऐवजी सात मिनिटांत भरेल आणि गंज वाढतच राहील. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेच. शिवाय इतकी वर्षं कमी दाब सोसलेले जुने जोड वाढलेल्या दाबाला भिंतीच्या आत गळू लागतात. हे मला अधिक काळजीचं वाटतं.

वाट पूर्ण मोकळी झाली, उघड्या पाइपाची वेळ नोंदली, आणि तरीही धार अपुरी वाटली, तर पंपाचा विचार जरूर करा. त्याआधी एक विजेशिवायचा उपाय विचारून बघा : टाकीपासून बाथरूमपर्यंत पंचवीस किंवा बत्तीस मिलिमीटरचा वेगळा पाइप, कमीत कमी वळणांचा, आणि अगदी नळापाशी येऊन अर्ध्या इंचाचा केलेला. टाकी मीटरभर उंच करणं हाही मार्ग आहे, पण हजार लिटर पाण्याचं वजन हजार किलो असतं, तेव्हा स्लॅबचं काय ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते करू नका. पंप घ्यायचाच ठरला तर तो टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर, टाकीजवळ बसवा. पाणी नसताना आपोआप बंद होणारा असावा. वीज गेली तरी पाणी येत राहावं म्हणून शेजारून उलट-रोधक व्हॉल्व्हसह वेगळी वाट ठेवावी. अर्थिंग आणि विजेची गळती होताच बंद पडणारा स्विच असावाच. गीझर किती दाब सोसतो हे त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पंपाचा दाब त्याहून कमी हवा. आणि बाहेरून येणाऱ्या सार्वजनिक लाइनवर थेट पंप कधीच लावू नका. शेजाऱ्यांचं पाणी तुटतं, आणि पाइपात ओढ निर्माण होऊन बाहेरची घाण फटीतून आत खेचली जाते.

हे सगळं होईपर्यंत सासूबाईंची सोय आजच करा. बादली त्या आत जाण्याआधी भरून ठेवा, आणि ती भरताना आधी थंड पाणी घेऊन मग गरम सोडा. धार मंद असताना गीझरचं पाणी फार कढत येतं आणि बादलीत एकटं गरम पाणी असलं तर वयस्कर हातांना चटका बसायला वेळ लागत नाही. आत एक पक्कं, न घसरणारं स्टूल ठेवा आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. तो धार सुधारल्यावरही उपयोगी पडेल.

प्लंबरला परत बोलवाल तेव्हा ‘पंप नको’ एवढंच सांगून थांबू नका. जाळीतला कचरा आणि वेळांचा कागद पुढे ठेवा, आणि नळ काढून दोन्ही तोंडं तुमच्यासमोर मोजायला सांगा. नवीन काही जोडल्यावर जाळी लगेच बसवू नका. आधी दोन-तीन बादल्या पाणी तसंच वाहू द्या, नाहीतर जोडकामाचा कीस त्याच जाळीत जाऊन बसेल. थंड, गरम आणि उघडा पाइप, हे आकडे मला कळवा. थंड सुधारलं आणि गरम तसंच राहिलं, तर गीझर किती वर्षांचा आहे तेही सोबत लिहा.